न सांगितलेला खाऊ

२४ सप्टेंबर २०२५, बुधवार. येना.

कस्टमचं पत्र आलं. घरून आलेलं पार्सल त्यांच्या इथल्या कचेरीत अडलं आहे. वजन २.१४० किलो. आत काय आहे त्या रकान्यात आईने एकच शब्द लिहिला आहे: खाऊ. तोही इंग्रजी अक्षरांत. पत्रात म्हटलं आहे की या शब्दाचा बोध होत नाही. सोमवार ६ ऑक्टोबरपर्यंत मी स्वतः येऊन आतल्या वस्तू लिहून द्याव्यात आणि पार्सल अधिकाऱ्यासमोर उघडावं, नाहीतर ते परत जाईल. दुधाचे पदार्थ निघाले तर नष्ट करतील.

अपर्णाला फोन केला. ती माझ्याहून पाच वर्षांनी लहान. पांढुर्ण्याहून रोज सौंसरला कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला जाते. फोन लागला तेव्हा नुकतीच घरी आली होती.

"मले नाही माहीत, ताई. आईनं एकटीनं पॅक केलं. मले डाकखान्यात बी नेलं नाही."

"तिला विचार."

ती आत गेली. मागे गल्लीतल्या मुलींची भुलाबाईची गाणी चालू होती. दरवर्षी आमच्याच ओसरीवर भुलाबाई बसते. अपर्णा परत आली.

"आई म्हनते, भुलाबाईचा खाऊ आहे. खाऊ सांगत नसते. ओळखाचा असते."

"तिला सांग, मला कस्टमला लिहून द्यायचं आहे."

"सांगतलं न. म्हनते, मंग कस्टमवाल्याईनं ओळखावं."

आई स्वतः फोनवर आली नाही. ते अपेक्षित होतं. ८ जूनपासून आलेली नाही.

कॉल: ३ मिनिटं १० सेकंद.


२५ सप्टेंबर

८ जूनचं कुठे लिहिलेलं नाही, म्हणून लिहून ठेवते.

१४ मे रोजी माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. इथे येऊन तेव्हा दोन महिने झाले होते. घरी ८ जूनला सांगितलं, सगळं बरं झाल्यावर, एका वाक्यात. आईने विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलं. मी म्हटलं, तिथून तुम्हाला काहीच करता आलं नसतं. ज्या माहितीवर काही करता येत नाही ती देऊन काय उपयोग? हे मला अजूनही बरोबर वाटतं.

आई म्हणाली, "पंचवीस दिवस मी गल्लीत सांगून राहिली का पोरगी मजेत आहे. मी पिशवी तं भरली असती."

मी म्हटलं, "पिशवी भरून कुठे निघाली असतीस? तुझा पासपोर्टही नाही."

तिने फोन अपर्णाकडे दिला. तेव्हापासून मी रविवारी फोन करते तेव्हा आई शाळेचे पेपर तपासत असते, नाहीतर पूजेत असते.

पिशवी म्हणजे हिरवी कापडी पिशवी. घरातलं कोणी भरती झालं की आई ती भरते आणि निघते. अपर्णाला डेंग्यू झाला तेव्हा नागपूरच्या दवाखान्यात सात दिवस ती पिशवी खाटेखाली होती.

पार्सलचं बघायला हवं. माझं काम भिंगांचा पृष्ठभाग मोजण्याचं आहे. न बघितलेल्या गोष्टीवर मी तिथेही सही करत नाही.


२६ सप्टेंबर

साडेतीनला, म्हणजे पांढुर्ण्यात सातला, फोन केला. अपर्णाने स्पीकर लावला. आई खोलीत होती, पण माझ्याशी बोलली नाही, अपर्णाशी बोलली.

"अपर्णा, तिले सांग, लहानपणी जसं खेळत होतो तसं खेळ म्हना. एक प्रश्न तिचा, एक माहा. खोटं बोललं का डाव मोडला, खाऊ गेला."

अपर्णा म्हणाली, "ताई, ऐकलं न? मी काही पोस्टमन नाही."

"ऐकलं. पहिला प्रश्न. दूध आहे का?"

"अपर्णा, तिले सांग, नाही."

म्हणजे नष्ट होणार नाही. उपयोगी उत्तर.

"आता माहा. तिले विचार, दवाखान्यात कोनं नेलं."

हे अनपेक्षित होतं. मी म्हटलं, "मैत्रिणीने."

"नाव काय म्हना?"

"हेलेना."

आईने पुढे काही विचारलं नाही. मुली आत आल्या, खाऊ वाटायची वेळ झाली होती. कोणीतरी डबा हलवत होतं, तो आवाज स्पष्ट ऐकू आला. मुरमुरे असावेत.

कॉल: ५ मिनिटं ४० सेकंद.


२७ सप्टेंबर, शनिवार

दुसरा प्रश्न: तळलेलं आहे का? उत्तर: नाही. म्हणजे करंज्या, शंकरपाळे, अनारसे बाद.

तिचा प्रश्न: पहिल्या दिवशी काय खाल्लं? मी म्हटलं, सूप.

"कोनतं सूप, विचार तिले."

"भाजीचं."

आज अपर्णा मध्येच म्हणाली, "तुम्ही दोघी डायरेक्ट बोला न वं. मले स्वयंपाक आहे." पण गेली नाही.

उरलेले पदार्थ लिहिले: लाह्या, फुटाणे, राजगिऱ्याचे लाडू, गूळ-शेंगदाणे, खोबरं. २.१४० किलोत स्टीलचा डबा धरला तर खाऊ साधारण दीड किलो. लाह्या असतील तर एवढं वजन भरायला खोकं फार मोठं लागेल. लाह्या बाद.


२८ सप्टेंबर, रविवार

डाव मोडला.

मी तिसरा प्रश्न विचारायच्या आत आई बोलली. आज थेट माझ्याशी. साडेतीन महिन्यांनी.

"चार सेकंद."

"काय?"

"मैत्रिणीचं नाव सांगाले तुले चार सेकंद लागले. मी मोजले. एकटी तूच मोजत असते का?"

आई थांबली नाही.

"अन् ऑपरेशनच्या दिवशी पोटात सूप कोनतं वं? तुह्या बापाचं हर्नियाचं झालं तेव्हा दोन दिवस पान्याचा थेंब देत नव्हते. मास्तरीन आहे मी. कॉपी केलेला पेपर मले दुरून समजते."

"आई, पार्सल सोमवारी परत जाईल. पुढच्या सोमवारी."

"जाऊ दे. खोटं बोललं का खाऊ जाते."

फोन तिनेच ठेवला. १ मिनिट ५ सेकंद.

अपर्णाचा नंतर मेसेज: "काय करून ठेवलं ताई तू!!"

मी खोटं बोलले हे बरोबर आहे. ती उत्तरं दिली कारण ती लहान होती आणि पुढचे प्रश्न थांबवणारी होती. उद्देश वाईट नव्हता.


३० सप्टेंबर

कामावर एका यंत्राचं वाचन दोन दिवस सरकत होतं. प्रत्येक यंत्राला चूक असते, त्यात काही विशेष नाही. ती किती आहे हे लिहून ठेवलं की यंत्र वापरता येतं. लिहिली नाही की पुढचं प्रत्येक वाचन संशयाचं. आम्ही दुरुस्तीचा तक्ता करतो आणि यंत्रालाच चिकटवतो. आज एक केला.

कस्टमच्या अर्जात "सुका खाऊ, दुधाशिवाय" असं लिहिता येईल. पण तेही तिच्या शब्दावर, आणि तिने डाव मोडल्यावर तो शब्द वापरायचा हे बरोबर नाही.

पार्सल परत गेलं तर व्यवहारात नुकसान काही नाही. मला खाऊ लागत नाही. हे तपासून बघितलं. तरी दिवसातून तीनदा पार्सलची स्थिती बघितली.


२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

अपर्णाने सोन्याच्या पानांचा फोटो पाठवला. आईने रावणदहनाला न जाता देव्हाऱ्यापुढचे चांदीचे करंडे घासले म्हणे. "आई चूप चूप आहे. बाबा म्हनते, तिले छेडू नको."

इथे आपटा नाही. ट्रामच्या थांब्यावर लिंडनची पानं पिवळी पडली आहेत. आपट्याचं पान मधोमध दुमडतं, हे दुमडत नाही. खात्री करायला एक उचललं. नाही दुमडत. वहीत आहे.

संध्याकाळी आईला हा मेसेज पाठवला. इथे उतरवून ठेवते.

"दुरुस्ती. प्रश्न १. कोणी नेलं नाही. सकाळी पावणेसहाच्या ट्रामने गेले. चार थांबे. शेवटचे दोन मी ट्रामच्या फरशीवर बसून काढले कारण उभं राहता येत नव्हतं. कागदांवर सही माझीच आहे. हेलेना कोणी नाही, ते नाव समोरच्या नोटीसबोर्डवर होतं. प्रश्न २. सूप नाही. पहिला दिवस सलाईन. दुसऱ्या दिवशी बिनसाखरेचा चहा आणि टोस्ट आला, टोस्ट खाल्ला नाही. न विचारलेलं: माझ्याजवळ टॉवेल नव्हता. चप्पल नव्हती, चार दिवस मोज्यांवर चालले. घरून निघताना लॅपटॉपचा चार्जर घेतला होता, लॅपटॉप नाही. पाण्याचा ग्लास टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होता. पहिल्या रात्री तिथे हात पोचला नाही. घंटी वाजवता आली असती. वाजवली नाही."

लिहायला चार मिनिटं लागली. पाठवायला अकरा.

दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर नाही.


३ ऑक्टोबर

इथे सुट्टी. कचेरी बंद. उद्या-परवा शनिवार-रविवार. म्हणजे फक्त सोमवार उरला.

दुपारी आईचा फोन आला. तिच्या नंबरवरून, तिचाच. मी फोन घेतला.

ती म्हणाली, "फरशीवर बसली होती?"

"हो."

"लोकं होते?"

"तीन-चार. एकाने विचारलं. मी म्हटलं, ठीक आहे."

"तू तं म्हनशीनच."

बराच वेळ कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. नंतर तिचा आवाज शाळेतला झाला.

"बरं. पेपर दुरुस्त केला म्हनून डाव चालू. पन आता प्रश्न माहा पहिले. किती दुखलं?"

"थोडं."

"थोडं म्हनजे?"

"सहन होण्याइतकं."

तिने ते धरलं नाही आणि सोडलंही नाही. म्हणाली, "विचार तुहं."

मी तीन प्रश्न मागितले, वेळ कमी असल्यामुळे. तिने दिले.

गोड आहे का? "नाही वं माय."

एकच प्रकार का अनेक? "अनेक."

बाजारचं का घरचं? जरा थांबून: "आता समदं घरचंच."

अनेक प्रकार, गोड नाही, तळलेलं नाही, घरचं. फुटाणे, भाजलेल्या शेंगा, खारवलेल्या चिंचा. सांगितलं तर ती हसली. "हलवून तं पाह्य आधी. हलवल्याशिवाय ओळखते का कोनी?"

कॉल: २२ मिनिटं. बाकीच्या वेळात काय बोललो ते नोंदवण्यासारखं नाही. मोहगावच्या मावशीचं गुडघ्याचं दुखणं, शाळेतला नवा शिपाई, संत्र्याचा आंबिया बहार यंदा किती गळला ते.


६ ऑक्टोबर, सोमवार. कोजागिरी.

सकाळी साडेनऊला कचेरीत पोचले. अधिकारी पन्नाशीचे, चष्मा दोरीला बांधलेला. खोकं काउंटरवर ठेवलं. आईच्या हस्ताक्षरात पत्ता, अक्षर फळ्यावर लिहितात तसं मोठं.

"आत काय आहे?"

मी म्हटलं, "ते मला ओळखायचं आहे."

त्यांनी चष्मा लावला. मी खेळ समजावला. महिनाभर दर संध्याकाळी मुली देवीची गाणी म्हणतात, यजमानीण झाकलेल्या डब्यात खाऊ आणते, मुली आवाजावरून ओळखतात, ओळखल्याशिवाय डबा उघडत नाहीत. पाठवणारी माझी आई आहे, ती शिक्षिका आहे, ती सांगणार नाही.

"म्हणजे अर्जात खेळ लिहिला आहे."

"हो."

त्यांनी मागे वळून पाहिलं. रांगेत कोणी नव्हतं. म्हणाले, "हलवा."

मी हलवलं. धातूच्या भांड्यात लहान, कडक, हलके दाणे. शंभराच्या आसपास. भोवती काहीतरी मऊ, त्यामुळे भांडं हलत नव्हतं. मी सांगितलं, "भाजलेले फुटाणे, स्टीलच्या डब्यात, कापडात गुंडाळलेले." त्यांनी ते माझ्या शब्दांत लिहिलं आणि चाकू दिला.

आत हिरवी पिशवी होती.

एकेक वस्तू काढून मी काउंटरवर ठेवली, तसं करायलाच सांगितलं होतं. झाकणाचा स्टीलचा गिलास. चमचा. पंचा. आईच्या जुन्या सुती साडीचे दोन तुकडे जोडून शिवलेली चादर, कडेला बारीक टाका. कानाला बांधायचा रुमाल. फणी. रबरी चप्पल. साडीच्या पदरात बांधलेलं छोटं पितळी निरांजन, वात घातलेलं, तेलाशिवाय.

गिलासाचं झाकण काढलं. आत फुटाणे नव्हते, जुन्या शर्टांची बटणं होती. बाबांची, शाळेच्या गणवेशांची, माझ्या निळ्या फ्रॉकची दोन. आवाजासाठी घातली होती.

"हे खाण्याचं नाही," अधिकारी म्हणाले.

"नाही."

पहिला प्रश्न तोच विचारायला हवा होता: खायचं आहे का? तो मी विचारलाच नाही. पाच प्रश्न वापरले, सगळे त्याच्यानंतरचे.

"दवाखान्याचं सामान आहे," ते म्हणाले. विचारलं नाही. त्यांच्या घरीही असं सामान कोणी भरत असावं. "कोण आजारी आहे?"

"मी होते. मे महिन्यात."

त्यांनी पार्सलवरची तारीख बघितली, मग माझ्याकडे. फुटाण्यांची ओळ खोडली, शेजारी सही केली आणि लिहिलं: वापरलेलं वैयक्तिक सामान. अर्ज माझ्याकडे सरकवला. मी बघितलेल्या गोष्टींवर सही केली.

संध्याकाळ. चंद्र इथे टेकडीमागून येतो म्हणून पंचांगापेक्षा उशीर होतो. सात वाजून गेले तरी नव्हता. पांढुर्ण्यात तेव्हा साडेदहा झाले होते आणि चंद्र डोक्यावर होता. अपर्णाने गच्चीवरून व्हिडिओ लावला. दूध शेगडीवर होतं, भुलाबाईची शेवटची गाणी होऊन मुली घरी गेल्या होत्या.

कोजागिरीला घरातल्या पहिल्या अपत्याला ओवाळतात. इथे येण्याआधीची चार वर्षं मी नागपूरला होते, ट्रेन पकडून घरी जायचे. आई ताट घेऊन फोनसमोर उभी राहिली. मलाही निरांजन लावायला सांगितलं. तेल घातलं, लावलं.

"आई, मोबाईलले दिवा लागन न!" अपर्णा ओरडली.

"गप राह्य. सरळ धर." तिने तीनदा ओवाळलं. मग म्हणाली, "पिशवी उघडली?"

"हो."

"ओळखलं होतं?"

"नाही. फुटाणे म्हटलं."

आई मोठ्याने हसली. कस्टमवाल्याला काय वाटलं असेल, असं तीन वेळा विचारलं. अपर्णा मध्येच म्हणाली, "ताई, ते पिशवी तू सांगतलं त्या दिवशीच भरली होती तिनं. जूनपासून दरवाज्यामागं खिळ्याले लटकून होती. बाबानं काहाडून ठेवतो म्हटलं तं त्याईच्यावर बी चिडली. हातच लावू देत नव्हती कोनाले."

"तुले कोनं विचारलं वं?" आई म्हणाली. "दूध पाह्य."

अपर्णा दुधाकडे गेली. फोन पाण्याच्या टाकीला टेकवलेला होता, त्यात आईचा अर्धा चेहरा आणि आकाश दिसत होतं.

मी म्हटलं, "आई, एक दुरुस्ती राहिली आहे."

"कोनती?"

"दवाखान्यात दर दोन तासांनी आकडा विचारत होते. किती दुखतं, शून्य ते दहा. पहिल्या रात्री मी आठ सांगितला होता."

"दहातून?"

"हो."

आई चंद्राकडे बघत राहिली. किती वेळ, ते मी मोजलं नाही. इकडे टेकडीवर उजेड आला होता.

मग तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. "चप्पल घातली का?"

मी खाली बघितलं. घातली होती. कचेरीतून आल्यापासून.

"हो. एक बोट मोठी आहे."

"असू दे," ती म्हणाली. "दवाखान्यात पाय सुजते. म्हनून मोठीच घेतली होती."